पितळेचे सुटे भाग घरच्या घरी काळे कसे करावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात घरामागच्या खोलीत माझा छोटा लेथ आहे. सध्या दुर्बिणीचं काम चालू आहे. आयपीस (डोळा लावायचं भिंग) बसते ती ३१.७५ मिमी आतल्या व्यासाची नळी, तिला धरणारी कॉलर आणि भिंग जागेवर ठेवणाऱ्या बारीक आट्यांच्या रिंगा, असं सगळं पितळेत करतोय. टर्निंग जमलं, आटेही छान बसले. अडलंय ते काळं करण्यावर.

दुर्बिणीत पिवळं चकचकीत पितळ चालत नाही. चंद्र बघताना नळीच्या आतल्या भिंतीवरून प्रकाश परावर्तित होतो आणि सगळं चित्र दुधाळ होतं. रंग मारावा, तर ०.५ मिमी पिचच्या आट्यांत तो भरतो. मग रिंग फिरत नाही, आणि जोर लावून फिरवली की रंगाचे कपचे सुटून थेट भिंगावर पडतात. म्हणून आट्यांचं माप बिघडणार नाही इतका पातळ, धातूतूनच आल्यासारखा काळा थर मला हवा आहे.

आधी उद्यमनगरात, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, चौकशी केली. बहुतेकांनी ‘ब्लॅकोडायझिंग (लोखंडाचे भाग काळे करतात ते) करून देतो’ म्हटलं, पण पितळ म्हटल्यावर नकार आला. मग बाटलीत मिळणारं थंड द्रावण आणलं, लेबलवर सेलेनियस ॲसिड आणि कॉपर सल्फेट लिहिलंय. भाग पेट्रोलने धुतले, पातळ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ठेवले, पाण्याने धुऊन द्रावणात बुडवले. रिंगा बऱ्यापैकी काळ्या झाल्या, पण मधेमधे राखाडी ठिपके आहेत आणि पांढऱ्या कापडाने पुसलं की काळं कापडावर येतं. नळी तर पट्ट्यापट्ट्यांनी तपकिरी झाली. ॲसिडमधून काढली तेव्हाच ती गुलाबीसर दिसत होती.

एकाच दिवशी, एकाच भांड्यात केलेल्या भागांचा रंग इतका वेगळा का यावा, हे मला कळत नाही. द्रावण बदलू की तयारीची पद्धत? घरात लहान मुलं आहेत, त्यामुळे विषारी वायू निघणारं काही असेल तर तेही स्पष्ट सांगा. ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

प्रतिसाद – टर्नर_शिरोली

दादा, आधी एवढं सांगा: रिंगा कशातून काढल्यात आणि नळी कशातून? दोन्ही एकाच बारमधून आहेत का? आणि कुठे कथलाचा डाग (सोल्डरिंग) दिलाय का?

धागाकर्ता

रिंगा आणि कॉलर गोल बारमधून काढल्या आहेत. दुकानदाराने ‘फ्री कटिंग’ म्हणून दिला होता, चिप (कापताना निघणारा कीस) भुग्यासारखी निघते. नळी तयार पितळी पाइप आणून आतून बोअर केली आहे. तिची चिप लांब, गुंडाळी होत येते. डाग कुठेही नाही.

प्रतिसाद – टर्नर_शिरोली

मग तुमचं उत्तर त्या चिपमध्येच आहे. ही दोन वेगळी पितळं आहेत.

फ्री कटिंग बार म्हणजे आयएस ३१९ या भारतीय मानकाचं पितळ. त्यात तांबं साधारण ५६ ते ५९ टक्के, शिसं २ ते ३.५ टक्के आणि बाकी बहुतेक जस्त. शिसं तांब्या-जस्तात विरघळत नाही, बारीक थेंबांसारखं वेगळं राहतं. त्यामुळेच चिप तुटते. पण टूल बोथट असेल किंवा शेवटी एमरी पेपर घासला असेल, तर तेच शिसं पृष्ठभागावर माखतं. त्यावर तुम्ही सल्फ्युरिक वापरलंत. शिशाचं सल्फेट पाण्यात विरघळत नाही, ते तिथंच बसून राहतं. राखाडी ठिपके त्याचेच असावेत. शिसेवाल्या पितळेला सायट्रिक ॲसिड वापरा, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. आणि शेवटचा कट धारदार टूलने, बारीक फीडने घ्या. पॉलिश करत बसू नका.

पाइप मात्र ओढून काढलेला असतो. त्यात तांबं जास्त, ६३ ते ७० टक्क्यांच्या घरात, आणि शिसं जवळपास नसतंच. ॲसिडमधून तो गुलाबी आला म्हणजे वरच्या थरावर तांबं बसलं. अर्धा भाग तांबं, अर्धा भाग पितळ असताना एकसारखा रंग येणार कसा?

उद्यमनगरवाले नाही म्हणाले ते बरोबरच आहे. ब्लॅकोडायझिंग म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं १४० अंशांच्या आसपास उकळणारं द्रावण. त्यात लोखंडावर लोखंडाचाच काळा ऑक्साइड तयार होतो. पितळेत लोखंड नाही, मग काळं कशाचं होणार?

प्रतिसाद – रसायनशाळा

वरच्या प्रतिसादाशी सहमत. थोडी रसायनाची बाजू मांडते.

तुमच्या बाटलीतल्या द्रावणाने जो थर बसतो तो मुख्यतः कॉपर सेलेनाइडचा. द्रावण तीव्र असेल किंवा भाग फार वेळ बुडवून ठेवला, तर तो घट्ट न बसता भुकटीसारखा साचतो, आणि कापडावर येतं ते हेच. द्रावण डिस्टिल्ड पाण्याने पातळ करा, थोडा वेळ बुडवा, धुवा, मऊ ब्रशने हलकं घासा, पुन्हा बुडवा. असे पातळ थर एकावर एक चांगले बसतात. सेलेनियमची संयुगं विषारी आहेत, त्वचेतूनही शरीरात जातात. हातमोजे हवेतच, आणि स्वयंपाकघरातलं भांडं या कामाला अजिबात घेऊ नका.

रिंगांसाठी मात्र मी दुसरी पद्धत सुचवीन, कारण जस्त भरपूर असलेल्या पितळेवर ती फार सुंदर चालते: अमोनियात विरघळवलेलं कॉपर कार्बोनेट. कार्बोनेट विकत आणायची गरज नाही. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) गरम द्रावणात धुण्याच्या सोड्याचं द्रावण हळूहळू ओता. फसफसून हिरवट-निळा साका खाली बसेल. तो गाळा, दोन-तीनदा पाण्याने धुवा, वाळवा. अर्धा लिटर द्रावणाला साधारण ६० ग्रॅम कार्बोनेट, १२५ मिली तीव्र अमोनिया आणि ३७५ मिली पाणी. तळाशी थोडं कार्बोनेट न विरघळता उरलं पाहिजे, म्हणजे द्रावण संपृक्त आहे. वरचं गडद निळं द्रावण वापरायचं. मूळ कृतीत ते ८० अंशांच्या आसपास गरम ठेवतात, पण गरम अमोनिया घरात अजिबात नको. उघड्या गच्चीवर, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून, चष्मा लावून करा. थंड द्रावणातही काळं होतं, फक्त वेळ जास्त लागतो. मुलं असलेल्या घरात मी थंडच करीन.

काळं झाल्यावर पाण्याने धुऊन २.५ टक्के कॉस्टिकच्या द्रावणात, म्हणजे लिटरला २५ ग्रॅम, एकदा बुडवा. त्याने रंग पक्का होतो. मग स्वच्छ पाणी, गरम हवेने वाळवणं आणि अगदी पातळ तेल किंवा मेण. भिंगाजवळच्या भागांना तेल नको, मेणच बरं.

बुडवण्याआधी एक परीक्षा जरूर करा. भाग पाण्यातून वर काढा. पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर तेल गेलंय. थेंब गोळा होत असतील तर अजून गेलेलं नाही. पेट्रोल स्वतःच तेलकट थर मागे ठेवतं. त्याच्यानंतर गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने घासायलाच हवं, आणि त्यापुढे बोट लावायचं नाही.

ही पद्धत तुमच्या नळीवर नीट चालणार नाही. तांबं ६५ टक्क्यांच्या वर गेलं की रंग फिका, डागाळ येतो.

प्रतिसाद – जुनी_उपकरणं

नळीला कॉपर नायट्रेट वापरा. जुन्या थिओडोलाइटचे, लेव्हलचे (जमीन मोजणीच्या उपकरणांचे) भाग असेच काळे करायचे. कॉपर नायट्रेटचं द्रावण लावायचं आणि बर्नरवर एकसारखं तापवायचं. आधी हिरवं दिसतं, मग काळं होतं. नायट्रेट मोडून काळा कॉपर ऑक्साइड धातूवर बसतो. पितळ कुठलंही असो, चालतं. थर कडक असतो, नखाने जात नाही. कथलाचा डाग नाही म्हणालात, म्हणजे तापवायला हरकत नाही.

प्रतिसाद – रसायनशाळा

थर कडक येतो हे खरं आहे. पण तापवताना नायट्रोजन डायऑक्साइडचा तपकिरी धूर निघतो. तो श्वासात गेला तर त्रास लगेच जाणवेलच असं नाही, फुप्फुसात पाणी भरणं काही तासांनी सुरू होऊ शकतं. धागाकर्त्याने मुलांचा उल्लेख केलाय म्हणून आग्रहाने सांगते, धूर खेचणारी सोय नसेल तर घरी हे करू नये.

प्रतिसाद – हुपरीकर

आमच्याकडे चांदीच्या पैंजणांना काळपट झाक देतात ती गंधक-पोटॅशच्या द्रावणाने. तांब्यावर ते झकास चालतं, पितळेवर मात्र नुसतं मळकट तपकिरी येतं, हे अनुभवाने सांगतो. म्हणून पितळेला आधी तांब्याचा पातळ हात द्यायचा. मोरचुदाचं पाणी, त्यात अगदी थोडं सल्फ्युरिक, भाग बुडवायचा आणि लोखंडी तार त्याला टेकवून धरायची. बघता बघता सगळा भाग गुलाबी होतो. तुमची नळी अर्धवट गुलाबी झाली म्हणालात, तीच पुरती गुलाबी करायची समजा. तार एकाच जागी धरू नका, फिरवत राहा. मग धुऊन कोमट गंधक-पोटॅशमध्ये बुडवायची. द्रावण चहाच्या रंगाचं असू द्या, दाट नको. दाट केलं की थर पापुद्र्यासारखा सुटतो.

वास कुजक्या अंड्याचा येतो, म्हणून हे कामही बाहेरच. आणि या द्रावणात चुकूनही ॲसिड पडू देऊ नका, हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि तो प्राणघातक आहे. ॲसिडचं भांडं आणि हे भांडं शेजारी ठेवूच नका.

प्रतिसाद – तारांगण_रांकाळा

काळं झालं तरी नळी चमकू शकते, याकडे कुणी लक्ष वेधलेलं नाही. गुळगुळीत काळा पृष्ठभाग समोरून काळाच दिसतो, पण प्रकाश तिरका, भिंतीला जवळजवळ घासून आला की आरशासारखा परततो. आयपीसच्या नळीत प्रकाश नेमका तसाच येतो. त्यामुळे आधी पृष्ठभाग खरखरीत करायला हवा. नळीच्या आत बोअरिंग टूलने बारीक आट्यांसारख्या खाचा पाडा, निदान आयपीस जिथपर्यंत पोचत नाही त्या भागात. त्याच भागावर काळं करून झाल्यावर अगदी मंद, बिनचमकेचा काळा रंग मारला तरी चालेल, तिथे माप सांभाळायचं नाहीये.

ब्लास्टिंग करून घेणार असाल तर कोल्हापुरात फाउंड्र्यांमुळे शॉट ब्लास्टिंग कुठेही मिळेल, पण ते स्टीलच्या गोळ्यांचं असतं. पितळेत लोखंडाचे कण रुततात आणि पुढे गंजाचे ठिपके येतात. काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग कोण करतं ते विचारून घ्या.

काम मात्र फार चांगलं हाती घेतलंय. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा सिनेमा कॅमेरा बनवला होता. आजही कुणीतरी घरच्या लेथवर दुर्बीण करतंय हे वाचून मनापासून आनंद झाला.

धागाकर्ता

सर्वांचे खूप आभार. इतकं तपशीलवार कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

आधी तुकड्यांवर करून पाहिलं. बारच्या तुकड्याला सायट्रिक आणि थंड अमोनिया-कार्बोनेट: काळा रंग एकसारखा, ठिपके नाहीत, कापडावर किंचितच येतो. पाइपच्या तुकड्याला हुपरीकरांची पद्धत: निळसर काळा, पट्टे गेले. कॉपर नायट्रेट केलं नाही.

दोन शंका उरल्या आहेत. अमोनियाने पितळेला भेगा जातात असं वाचलं, ते खरं आहे का? आणि उरलेल्या द्रावणांचं काय करू?

प्रतिसाद – टर्नर_शिरोली

भेगांचं खरं आहे. इंग्रजांच्या काळात भारतात पावसाळ्यात साठवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतला ओलावा आणि दाबून ओढलेल्या पितळेतला ताण, या तिन्हींनी मिळून ते होतं, हे १९२१ साली सिद्ध झालं. तुमचा ओढलेला पाइप अमोनियात घालायचाच नाही, हे त्या कारणानेही बरोबर ठरलं. बारमध्येही थोडा ताण असतो. रिंगा पातळ आहेत, म्हणून शेवटच्या कटाआधी त्यांना २५० ते ३०० अंशांवर तासभर ठेवून हळू थंड करा, ताण बराचसा निघून जाईल. अमोनियातून काढल्यावर धुण्यात कंजुषी नको. आट्यांच्या तळाशी द्रावण राहतं, तिथे ब्रश फिरवा.

प्रतिसाद – रसायनशाळा

द्रावणं गटारात ओतू नका. आपली गटारं शेवटी पंचगंगेलाच मिळतात आणि तांबं माशांना फार कमी प्रमाणातही मारक आहे. अमोनियाचं द्रावण उघड्यावर व्हिनेगरने हळूहळू आंबट करा, त्यात लोखंडी चिप टाकून काही दिवस ठेवा. निळा रंग जाईल आणि तांबं चिपवर बसेल. मोरचुदाच्या पाण्यालाही हेच, व्हिनेगरशिवाय. हा गाळ आणि सेलेनियमचं द्रावण मात्र वेगवेगळ्या झाकणाच्या कॅनमध्ये, वर नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. एमआयडीसीत सांडपाणी प्रक्रिया करणारे प्लेटिंगवाले आहेत, ते त्यांच्या घातक कचऱ्यासोबत घेतात का ते विचारा. गंधक-पोटॅशचं पाणी या कुठल्याही कॅनमध्ये मिसळू नका.