मदत हवी आहे: बाबांचं घर, नॉमिनी काका आणि तोंडावर आलेलं रिडेव्हलपमेंट

मुलुंडची लेक:

नमस्कार मंडळी. खूप दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आता वेळ कमी उरलाय म्हणून लिहितेय.

बाबा जाऊन 14 महिने झाले. मुलुंड पूर्वेला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. बाबांनी 1989 साली, लग्नाच्या दोन वर्षं आधी, स्वतःच्या पगारातून आणि कंपनीच्या कर्जातून घेतलं. शेअर सर्टिफिकेट एकट्या त्यांच्या नावावर आहे. मृत्युपत्र केलेलं नाही. आम्ही गोदरेजचं कपाट, माळ्यावरची पेटी, त्यांच्या डायऱ्या, सगळं पालथं घातलं. गॅसचा सिलिंडर कोणत्या तारखेला लावला आणि कोणत्या तारखेला संपला, याची 11 वर्षांची नोंद सापडली. इतका टापटिपीचा माणूस, पण हे एक काम राहून गेलं. आई अजून त्या डायऱ्या घेऊन बसते.

अडचण अशी की सोसायटीच्या दप्तरात नॉमिनेशनचा जो फॉर्म आहे तो घर घेतलं तेव्हाचा. त्यावर धाकट्या काकांचं नाव आहे. लग्नानंतर तो बदलायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. काका देवमाणूस आहेत. "वहिनीचं घर आहे, मला काय करायचंय त्याचं?" असं ते पहिल्या दिवसापासून म्हणताहेत. पण ते 63 वर्षांचे आहेत आणि गेल्या वर्षीच त्यांची बायपास झाली.

आता सोसायटी रिडेव्हलपमेंटला जातेय. सेक्रेटरी म्हणतात, नॉमिनी म्हणजे पुढचा मालक, काकांचं नाव सर्टिफिकेटवर चढवतो, बिल्डरच्या करारावर तेच सही करतील, नंतर त्यांनी घर आईच्या नावे करून द्यावं. महिनाभरात कागद द्या असा त्यांचा तगादा आहे. काका सही करायला तयार आहेत. मलाच धीर होत नाही. उद्या काकांना काही झालं तर नवीन घराच्या करारावर कुणाचं नाव असेल? त्यांच्या मुलांशी आमचं भांडण नाही, पण फार येणंजाणंही नाही.

आई 60 वर्षांची आहे. मी आणि दादा अशी आम्ही दोन भावंडं. दादा अमेरिकेत आहे आणि त्याचा हिस्सा आईलाच द्यायचा म्हणतो. त्याला या वर्षी इकडे येणं जमणार नाही. शिवाय एका सहकारी बँकेत बाबांची 3 लाख 80 हजारांची एफडी आहे, तिला नॉमिनी नाही. बँक म्हणते कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणा. आई तीनदा जाऊन हात हलवत परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणाली, "मी त्यांची बायको आहे हेच मला सिद्ध करायला लागतंय."

बाबांच्या पाठोपाठ सात महिन्यांनी, ऐन गणपतीत, चिपळूणला आजीही, म्हणजे बाबांची आई, गेली. त्यामुळे घरात दोन्हीकडून एवढं झालंय की वकिलाकडे जायचं त्राणही कुणाला नव्हतं. काकांचं नाव चढवू द्यावं का? आधी काय करावं, नंतर काय? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

माजी सचिव, दहिसर:

ताई, आधी एक श्वास घ्या. नॉमिनी मालक होत नाही. तो विश्वस्तासारखा असतो, खऱ्या वारसांचं ठरेपर्यंत सांभाळणारा. मी आमच्या सोसायटीचं काम नऊ वर्षं पाहिलं आणि हा गैरसमज दर दुसऱ्या घरात पाहिला. कमिटीतल्या लोकांचाही असतो, त्यात लबाडी असतेच असं नाही.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चा. त्यात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं. त्यातलं कलम 154-ब-13 तुमच्या सेक्रेटरींना छापून द्या. त्यात स्पष्ट आहे की नॉमिनीला फक्त तात्पुरता सदस्य करून घ्यायचं, आणि तेही वारसांना सदस्य करून घेईपर्यंत. वारसांना कशावरून घ्यायचं तेही तिथेच दिलंय: मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त. तुमच्या घरात भांडण नाही, म्हणजे चौथा रस्ता मोकळा आहे.

आजच सोसायटीला पत्र द्या. सभासद अमुक तारखेला वारले, वारस अमुक, नॉमिनीला तात्पुरता सदस्य म्हणूनच नोंदवावं, नवीन घराचा करार वारसांची नोंद झाल्यावर वारसांच्याच नावे व्हावा. खाली काकांचीही सही घ्या. त्याची एक प्रत बिल्डरला द्या. पोच म्हणून आपल्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का घ्यायला विसरू नका. घेत नसतील तर रजिस्टर एडीने पाठवा. त्यानंतरही ऐकलं नाही तर तुमच्या वॉर्डाचे सहकारी संस्थांचे उपनिबंधक आहेत, त्यांच्याकडे तक्रार करा. पण बहुतेक वेळा पत्रावरच काम होतं. तोंडी बोलण्याला सोसायटीत किंमत नसते.

फोर्टातली वकील:

वरचा सल्ला बरोबर आहे, पण कागद करण्याआधी एक गोष्ट नीट पाहा, कारण ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. बाबा गेले तेव्हा आजी हयात होत्या ना?

मग वारस तुम्ही तिघं नाही, चौघं होता. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 प्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर बायको, मुलगा आणि मुलगी यांच्याबरोबर त्याची आई पहिल्या वर्गातली वारस असते, आणि सगळ्यांना सारखा हिस्सा. वडील त्या वर्गात नाहीत, आई आहे. म्हणजे बाबा गेले त्या क्षणी आजींचा या घरात 1/4 हिस्सा झाला. नाव कुठेही लागलं नाही तरी झाला.

आता आजीही गेल्या. त्यांचं मृत्युपत्र नसेल आणि आजोबा आधीच गेले असतील, तर त्यांचा हिस्सा त्यांच्या मुलांकडे जातो. आधी गेलेल्या मुलाचा वाटा त्याच्या मुलांना, म्हणजे तुम्हाला आणि दादाला. सुनेला त्यात काही मिळत नाही. काकांना बहीण आहे का? असेल तर तिचाही वाटा आहे. एक काका आणि एक आत्या धरून घराचे 24 भाग केले, तर आईचे 6, तुमचे 7, दादाचे 7, काकांचे 2 आणि आत्यांचे 2.

म्हणून वर ज्या कौटुंबिक दस्ताबद्दल सांगितलंय, त्यावर या पाचही जणांच्या सह्या हव्यात.

मुलुंडची लेक:

हे वाचून हातपाय गार पडले. आजोबा 1996 लाच गेले आणि आत्या आहे, चिपळूणलाच असते. गावच्या घराच्या दुरुस्तीवरून तिचं आणि बाबांचं बिनसलं होतं. सहा वर्षं बोलणं नव्हतं. बाबांच्या दिवसांना ती आली, आईच्या गळ्यात पडून रडली, पण नंतर परत फोन नाही. आता मी कोणत्या तोंडाने सांगू की आमच्या घरात तुझाही वाटा आहे आणि तो सोड?

खरं विचारते, कुणी रागावू नका. आम्ही तिघांनी आणि काकांनीच कागद केला तर चालणार नाही का?

फोर्टातली वकील:

रागावत नाही, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. पण नाही चालणार. "याखेरीज दुसरे वारस नाहीत" असं तुम्हाला प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागेल, आणि ते खोटं असेल. आज कुणी विचारणार नाही. 10 वर्षांनी घर विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याचा वकील आजींच्या मृत्यूची तारीख विचारेल. तेव्हा आत्या नसतील आणि त्यांच्या मुलांना शोधत फिरावं लागेल. आज त्या आहेत, बोलू शकतात. आजच बोला.

त्या तयार झाल्या तर काका आणि आत्या दोघांकडून हक्कसोडपत्र घ्या. ते नोटरीकडे करून भागत नाही, दस्त नोंदणीच्या सरकारी कचेरीत, दुय्यम निबंधकांकडे, नोंदवावंच लागतं. स्टँप ड्यूटी किती ते आधी काढून घ्या. आणि हक्क कुणाच्या लाभात सोडला ते नाव घालून लिहा. नुसतं "हक्क सोडला" असं मोघम लिहिलं की नंतर वाद होतो.

आणखी एक मनापासून सांगते. आईंकडून मात्र हक्कसोड घेऊ नका. "पुढेमागे मुलांनाच द्यायचंय, एकदाच करून टाकू" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. साठीच्या बाईच्या नावावर राहतं घर असणं ही साधी गोष्ट नाही. मी नाव काढून दिलेल्या आया पाहिल्या आहेत.

न्यू जर्सीहून:

दादासाठी लिहितो, कारण मी हे तीन वर्षांपूर्वी केलंय. घर, पत्ता, कुणाच्या लाभात हक्क सोडायचा हे सगळं लिहिलेलं, एवढ्याच कामापुरतं मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी, आपल्या वतीने सही करायचा अधिकार देणारा कागद) करायचं. सरसकट अधिकार देणारं करू नका. ते भारतीय वकिलातीत जाऊन साक्षांकित करून घेता येतं, किंवा अमेरिकेतल्या नोटरीपुढे सही करून त्या राज्याकडून अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून दिलेला सरकारी दाखला) घेता येतं. मूळ कागद कुरियरने मुंबईत पोचला की तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्रातली स्टँप ड्यूटी भरायची. माझा कागद बहिणीच्या कपाटात पडून राहिला, मुदत टळली आणि सगळं नव्याने करावं लागलं. पोचल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवा.

बँकवाला, निवृत्त:

एफडीचं मी सांगतो. रिझर्व्ह बँकेने 26 सप्टेंबर 2025 ला मृत खातेदारांच्या दाव्यांबद्दल नवीन निर्देश काढलेत. बँकांना ते 31 मार्च 2026 पर्यंत लागू करायचे होते. नॉमिनी नसेल, मृत्युपत्र नसेल आणि वारसांत वाद नसेल, तर सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत आणि इतर बँकांत 15 लाखांपर्यंत कोर्टाचं प्रमाणपत्र मागायचं नाही. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, हमीपत्र, पैसे न घेणाऱ्या वारसांचं नाहरकत पत्र आणि वारस कोण हे सांगणारा दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या त्रयस्थ माणसाचं निवेदन, एवढ्यावर काम व्हायला हवं. तुमची रक्कम 5 लाखांच्या आत आहे. सगळे कागद दिल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे, बँकेमुळे उशीर झाला तर त्यावर व्याज.

आईंना काउंटरवर पाठवू नका. अर्ज लेखी द्या, त्यात या निर्देशांचा उल्लेख करा आणि "प्रमाणपत्र हवं असल्यास तसं लेखी कळवावं" ही ओळ घाला. या एका ओळीने फरक पडतो. हो, नाहरकत पत्र इथेही काका आणि आत्यांचं लागेल, हिस्सेदार तेच आहेत.

मुलुंडची लेक:

सगळ्यांना कळवायचं होतं. सोसायटीला पत्र दिलं, काकांच्या सहीसकट, आणि पोच घेतली. सेक्रेटरींनी कलम वाचलं आणि कमिटीपुढे ठेवतो म्हणाले. बिल्डरच्या माणसानेही वारसांची नोंद होईपर्यंत आमच्या घराचा करार थांबवायचं मान्य केलंय.

शनिवारी मी आणि आई चिपळूणला गेलो. फोनवर सांगायचं नाही असं आईनेच ठरवलं. जेवणं झाल्यावर मी हिशोबाचा कागद काढला, 24 भागांचा. आत्याने चष्मा लावून दोनदा वाचला. मग विचारलं, "हे न सांगता केलं असतंस तर मला कळलं असतं का?" मी नाही म्हटलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, सही करते, पण वहिनीच्या नावावर, पोरांच्या नाही. आणि तिच्या आईचा, म्हणजे आजीचा, नऊवारीतला एक फोटो तुमच्या घरात आहे, तो मला दे. तो फोटो बाबांच्या टेबलावर असायचा. पुढच्या आठवड्यात नेऊन देते.

आता एक शेवटचं. आत्याच्या आधारवर सासरचं नाव आहे आणि आजीच्या रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. लग्नाचा दाखला नाही, लग्न 1983 चं. नोंदणीच्या वेळी दोन्ही नावं एकाच बाईची हे कसं दाखवायचं?

फोर्टातली वकील:

दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं आत्यांचं प्रतिज्ञापत्र करा, सोबत शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड जोडा. हक्कसोडपत्रात त्यांचं नाव "सासरचं, माहेरचं" असं दोन्ही घालून लिहा. साक्षीदार म्हणून काकांना घेऊ नका, ते स्वतःच दस्तात पक्षकार आहेत. शेजारचं कुणीतरी न्या, आधारकार्डासकट.