बूट भरलंय, जुने कर्नल कसे काढायचे?

शाहूपुरी_डीटीपी:
मंडळी, दुकानातल्या पीसीवर उबुंटू लिनक्स २२.०४ आहे, टाकताना डिस्क एनक्रिप्ट केलेली, आता अपडेट मारलं की 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' येतंय आणि सगळं अर्धवट राहतंय. होममध्ये रग्गड जागा आहे, भरलंय ते फक्त बूट, म्हणजे मशीन सुरू करायच्या फायलींचा भाग. आत जुन्या कर्नलच्या (सिस्टमचा गाभा) फायलींचा ढीग दिसतोय, त्या सरळ डिलीट मारू का? लग्नसराई आहे, पत्रिकांची कामं अडकलीत, मशीन बंद पडून चालणार नाही.

रंकाळा_टर्मिनल:
भावा थांब, हातानं डिलीट मारू नकोस! फायली गेल्या तरी ॲप्टच्या (पॅकेजेस टाकणारा-काढणारा प्रोग्रॅम) हिशेबात ते कर्नल तसेच राहतात, आणि चुकून चालू कर्नलची फाईल उडाली तर पुढच्या वेळी मशीन उठणार नाही. एनक्रिप्शन निवडलं की इन्स्टॉलर बूटचं वेगळं छोटं पार्टिशन करतो, म्हणून होमची जागा तिथं उपयोगाची नाही. आधी 'यूनेम -आर' मारून कुठला कर्नल चालू आहे ते बघ, तो आणि त्याच्या आधीचा एक ठेवायचाच, नव्यावर प्रिंटर नाहीतर ग्राफिक्स गंडलं तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणारा मेनू) 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुन्यावर जाता येतं. मग 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज'. काय काय काढणार त्याची यादी येते, ती वाचून मगच वाय दाब.

शाहूपुरी_डीटीपी:
मारलं दादा, पण तेपण अडकलं, अर्धवट राहिलेल्या नव्या कर्नलचं इनिटआरडी (सुरू होताना कर्नलबरोबर लोड होणारी फाईल) बनवायला जातंय आणि परत जागा नाही म्हणतंय.

कळंबा_लिनक्स:
मग आधी थोडी जागा करून द्यावी लागणार. चालू नसलेला सगळ्यात जुना कर्नल बघा, त्याची इनिटआरडी फाईल सुडो लावून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं) एमव्ही कमांडनं होममध्ये हलवा, बूटमध्ये सगळ्यात जास्त जागा तीच खाते. मग 'सुडो ॲप्ट -एफ इन्स्टॉल' मारा, अर्धवट काम पुरं होईल, त्यानंतर ऑटोरिमूव्ह. आणि कळकळीनं सांगतो, हे सगळं निस्तरेपर्यंत रीबूट करू नका, इनिटआरडी नसलेला कर्नल उठला तर एनक्रिप्टेड डिस्क उघडतच नाही. पत्रिकांच्या फायली आधी पेनड्राइव्हवर घ्या.

शाहूपुरी_डीटीपी:
झालं!! रीबूटपण नीट झालं, लई आभार दोघांचे. एक जुना कर्नल मात्र ऑटोरिमूव्हला दिसतच नाही, तो कसा काढू?

रंकाळा_टर्मिनल:
तो कधीतरी हातानं टाकलेला असणार. 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल'च्या यादीत त्याचं नाव बघ, सापडलं की 'सुडो ॲप्ट पर्ज' आणि पुढं त्या पॅकेजचं पूर्ण नाव. 'लिनक्स-जेनेरिक' किंवा 'लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४', यातलं जे असेल त्याला मात्र हात लावू नकोस, पुढचे कर्नल अपडेट त्याच्यामुळंच येतात.