मोनो परत सुरू झाली की आपण लोकलसारखेच चढणार का?

चेंबूरचा_भाऊ
२० सप्टेंबर २०२५ पासून मुंबईची मोनो (मोनोरेल) अपग्रेडसाठी बंद केली, नवीन रेक म्हणजे गाड्या, नवीन सिग्नलिंग येणार म्हणतात, छानच. पण मला गाडीपेक्षा चढणाऱ्यांची काळजी आहे. १९ ऑगस्ट २०२५ आठवतोय ना, धो धो पाऊस, हार्बर लाईनच्या लोकल ठप्प, सगळी पब्लिक मोनोकडे वळली आणि म्हैसूर कॉलनीजवळ गाडी अडकली, आत ५८२ माणसं. एमएमआरडीएचं (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) म्हणणं, क्षमता १०४ टन आणि वजन झालं १०९ टन, त्यामुळे वीज घेणारा भाग लाईनपासून सुटला. म्हणजे जेमतेम ७०-८० माणसं जास्त! लोकलमधे हे कोणी मोजत पण नाही. मोनोत चढताना आता "अजून एक मावतो" सोडावं लागेल, माझं स्पष्ट मत.

हार्बरवाली
वा, म्हणजे चूक परत पब्लिकचीच. त्या दिवशी लोक हौसेने घुसले होते का? हार्बर बंद, रस्त्यावर पाणी, घरी तर जायचंय. तिकीट यांनी विकलं, गेट यांनी उघडलं, दार यांनी लावलं, आणि वजन किती झालं ते आम्ही ओळखायचं? आमच्या सोसायटीची लिफ्टसुद्धा माणसं जास्त झाली की कोकलते आणि जागची हलत नाही.

चेंबूरचा_भाऊ
ताई, लिफ्ट कोकलली की शेवटी आलेला गुपचूप बाहेर येतो. सहाच्या गर्दीत कोण येणार बाहेर सांगा बरं?

वडाळा_डेपो
तुम्ही दोघं एका दिवसावरून भांडताय, एरवी मोनो रिकामी पळायची हे विसरलात का. फेब्रुवारी २०१४ ला वडाळा-चेंबूर सुरू झाली, पहिल्या रविवारी लोक पोरंबाळं घेऊन जत्रेला आल्यासारखे आले, मग गायब. त्याच वर्षी जूनमधे वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली, लोक तेच, पण तिची सवय पटकन लागली कारण ती अंधेरी आणि घाटकोपरला थेट लोकलला जोडते. आणि इथे दादर ईस्ट असं नाव बघून उतरलेला माणूस दादर स्टेशन शोधत बसतो. त्यात नोव्हेंबर २०१७ ला डब्यांना आग लागली ती सप्टेंबर २०१८ पर्यंत बंदच, आणि वडाळ्याच्या पुढे सातरस्त्यापर्यंत जायला मार्च २०१९ उजाडला. मधेच अशी गायब होणाऱ्या गाडीची सवय लागणार कशी राव?

तोक्यो_मुक्कामी
इथे हमामात्सुचो ते हानेदा मोनो १९६४ पासून चालू आहे, लोक मोठमोठ्या बॅगा घेऊन चढतात. प्लॅटफॉर्मवर खुणा आहेत तिथे रांग लावायची, उतरणारे उतरले की मगच चढायचं. आपला मराठी माणूस पण इथे आला की आठवडाभरात रांगेत दिसतो, तेव्हा धक्काबुक्की रक्तात वगैरे काही नसते.

हार्बरवाली
दादा, तिकडे चार-पाच मिनिटांत दुसरी येते म्हणून रांग लागते. इथे १५ मिनिटं थांबायचं आणि ती पण भरलेली आली तर? धक्का मारणं हा स्वभाव नाही हो, पुढची गाडी वेळेत येईल याची खात्री नसते म्हणून मारतो. एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला आली तेव्हा पण म्हणत होते की बंद दारं मुंबईकराला जमणार नाहीत, आता लोक टाइमटेबल बघून तिची वाट बघतात.

चेंबूरचा_भाऊ
एसी लोकलचं पटलं. पण एक फरक राहतोच. लोकल मधेच थांबली की अर्ध्या तासात लोक खाली उड्या मारून रुळावरून चालायला लागतात (मारू नये, पण मारतात). मोनोखाली रूळच नाही, ती उंचावरच्या एका काँक्रीट बीमवर चालते, बीमच्या बाजूला चालायला फळी पण नाही, दार उघडलं तरी जाणार कुठे? त्या दिवशी एसी गेला, खिडक्या उघडत नाहीत, लोकांचा जीव घुसमटला, काचा फोडल्या आणि फायर ब्रिगेडची शिडी येईपर्यंत तासन् तास आतच. तिथे शांत बसून राहणं हे पण शिकावं लागणार.

वडाळा_डेपो
एसी बंद असलेल्या डब्यात शांत बसायला शिकायचं?? आधी बाजूने चालायला वाट करा म्हणावं, आत हवा खेळेल अशी काहीतरी सोय करा, मग शिकवणी लावा आम्हाला.

हार्बरवाली
+१. आणि वजन जास्त झालं की दार लागणारच नाही असं काहीतरी बसवा. तेव्हा बघा, शेवटी चढलेल्याला उतरवायला पब्लिकच पुरे आहे, वॉचमन लागणार नाही.

चेंबूरचा_भाऊ
आणि तो शेवटचा मीच असलो तर? 😄 बरं, उतरेन, पण पुढची पाच मिनिटांत हवी.