घरपोच जेवण आणणाऱ्याला टीप : तुम्ही किती, कधी आणि कशी देता?

जेवण मागवताना ॲप आता पैसे भरायच्या आधीच विचारतं, वीस, तीस की पन्नास? अजून भाजी फोडणीला पडलेली नाही, आणणारा कोण ते ठाऊक नाही, आणि टीप मात्र आधी ठरवायची. हॉटेलात बडीशेपेच्या बशीत किती ठेवायचे ते आपण घरातल्या मोठ्यांचं बघून शिकलो. दारात हेल्मेट घालून उभ्या असलेल्या मुलाला काय द्यायचं हे कुणी शिकवलं नाही, म्हणून घरोघरी वेगळी रीत आहे.

ही माणसं आता थोडीथोडकी नाहीत. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार (कायमच्या नोकरीऐवजी कामागणिक पैसे मिळणारे) असल्याचा अंदाज होता, आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाखांवर जातील असं म्हटलं होतं. जेवण पोचवणारे त्यातलाच एक मोठा घटक.

माझं मत आधीच सांगते. टीप जरूर द्यावी, जमेल तेव्हा रोख द्यावी, आणि लवकर आणलं म्हणून देऊ नये. २०२५ च्या नाताळाला आणि ३१ डिसेंबरला गिग कामगारांच्या संघटनांनी संप पुकारला, तेव्हा दहा मिनिटांची डिलिव्हरी बंद करा ही त्यांची एक मुख्य मागणी होती. चौकात उलट्या बाजूने येणारी ती दुचाकी आपल्याच घाईपायी येत असते. घाईला बक्षीस द्यायचं नाही, एवढं मी पक्कं ठरवलं आहे.

आता तुमचं लिहा. शहर सांगा, रक्कम सांगा, कारण सांगा. हे काम स्वतः करत असाल तर तुमचं आधी ऐकायचंय. तक्रार असेल तर कंपनीचं नाव घालू नका.

हिंजवडी, पुणे (रायडर)

ताई, विचारलंत म्हणून लिहितो. गाव लातूरकडं. सकाळी पोलीस भरतीचा सराव, दुपारनंतर लॉगिन.

ॲपवर दिलेली टीप आमच्या कमाईत वेगळी दिसते. हातात दिलेले वीस रुपये त्याच दिवशी पेट्रोलला उपयोगी पडतात. पेट्रोल आमचं, गाडीची सर्व्हिसिंग आमची, मोबाईलचा डेटाही आमचाच. ऑर्डरमागं अंतराप्रमाणं पैसे मिळतात. हॉटेलात जेवण तयार नसलं की बाहेर उभं राहायचं, आणि उशीर झाला की गिऱ्हाईक आमच्यावर तापतं. पार्सलला सील असतं. आत चटणी कमी आली तर त्यात आमचा हात नसतो.

सगळ्यात जास्त वेळ कुठं जातो सांगू का? पत्त्यात. नकाशावरची पिन मागच्या गल्लीत, बिल्डिंगवर नाव नाही आणि मॅडमचा फोन सायलेंटवर. टीप नाही दिली तरी चालेल, पण पिन बरोबर टाका आणि फोन उचला. दुसरं रोखीच्या ऑर्डरचं. आमच्याजवळची रोख कंपनीची असते, ती भरावी लागते. ४६० च्या बिलाला ५०० दिले आणि "वरचे राहू दे" म्हणालात तर वरचे आमचे, त्याचा आनंदच आहे. पण सुट्टे नाहीत म्हणून ओरडू नका. आणि "वीस रुपये जास्त देतो, येताना सिगारेटचं पाकीट आण" असं सांगू नका. ती टीप होत नाही, ते वेगळं काम झालं.

वाकडला एकदा मुसळधार पावसात ऑर्डर पोचवली. काकांनी पैसे काही दिले नाहीत. पण मी त्यांच्या पार्किंगमध्ये थांबलो तर वॉचमन हाकलायला आला, तेव्हा काका जिन्यावरून खाली उतरले आणि म्हणाले, "माझ्याकडे आलाय तो, बसू दे." पाऊस कमी होईपर्यंत मी तिथंच बसलो. पन्नास रुपये देणारे मला पुष्कळ भेटले. त्यांचे चेहरे आठवत नाहीत, या काकांचा आठवतो.

नाशिक, गंगापूर रोड

आमच्या वेळी पोस्टमन, दूधवाला, पेपरवाला, झाडू मारणारी बाई, सगळ्यांना दिवाळीची पोस्त ठरलेली असायची. यजमान पाकिटं आधीच भरून ठेवत. पोस्त ही वर्षभराच्या ओळखीची होती. या मुलांची ओळख व्हायला सवडच नाही, दर वेळी नवा चेहरा. त्यामुळे जे द्यायचं ते तेव्हाच्या तेव्हा. मुलगा सून ऑफिसातून ऑर्डर करतात, दार मीच उघडते. चपलांच्या कपाटावर डबीत दहा-वीसच्या नोटा ठेवल्या आहेत. एप्रिल-मेमध्ये आधी पाणी देते, मग पैसे. "बाळा, बस दोन मिनिटं" म्हटलं तर बसत कुणी नाही, पाणी मात्र सगळे पितात.

ऐरोली, नवी मुंबई

आजींनी पोस्तीचं लिहिलं म्हणून आमच्या घरातलं सांगते. वडील डबेवाले, मूळचे आंबेगाव तालुक्यातले. चर्चगेटच्या बाजूला डबे पोचवायचे. दिवाळीला गिऱ्हाईक एका महिन्याचे पैसे जादा देत असे. ते ठरलेलंच होतं, मागायला लाज वाटायची नाही आणि देणारा उपकार केल्यासारखं देत नसे. कुणाकडे लग्न असलं की वडिलांना आमंत्रण असायचं.

भाऊ आता ॲपवर जेवण पोचवतो. पायपीट तीच, पण त्याला गिऱ्हाईक नाही, ऑर्डर आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो बाहेर असतो, कारण त्या दिवशी जास्तीचे पैसे मिळतात. दारात फराळ हातावर ठेवणारी घरं फार थोडी, असं तो सांगतो. म्हणून मी सणाच्या दिवशी, ३१ डिसेंबरला आणि पावसात शंभरच्या खाली देत नाही. इतर दिवशी तीस.

कर्वेनगर, पुणे (विद्यार्थी)

मी टीप देत नाही, आणि विचार करून देत नाही. बिल उघडून बघा. पदार्थाची किंमत हॉटेलपेक्षा जास्त, वर पॅकिंग, डिलिव्हरी फी, २०२३ पासून प्लॅटफॉर्म फी आणि मग कर. हे सगळं भरल्यावर आणणाऱ्याला पुरेसे पैसे मिळत नसतील तर दोष कंपनीच्या हिशोबात आहे. आपण टीप देत राहिलो की कंपनीला मोबदला वाढवायची गरजच उरत नाही. आम्ही चौघं खोलीत राहतो, महिन्याचे पैसे मोजके असतात. मी खाली गेटवर जाऊन पार्सल घेतो, पाच तारे देतो, दादांना धन्यवाद म्हणतो. टीप न देणारा प्रत्येक जण माणुसकी नसलेला असतो असं कृपया समजू नका.

धागाकर्ती

तुम्ही गेटवर जाता याची किंमत मोठी आहे, वरच्या रायडरदादांनीही तेच सांगितलं असतं. मोबदला कंपनीने वाढवावा हे मला पूर्ण मान्य आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार पहिल्यांदा कायद्याने ओळखले गेले, आणि ती संहिता लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला. कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षेसाठी द्यायची, अशी तिच्यात तरतूद आहे. पण यातून विमा किंवा अपघाताची मदत उभी राहील, रोजचा दर वाढणार नाही. तो वाढेपर्यंत आज रात्री दारात आलेल्याने काय करायचं? जमेल त्याने दोन्ही करावं असं मला वाटतं, हातात वीस रुपये द्यावेत आणि त्यांच्या संघटनेच्या मागणीमागेही उभं राहावं.

एडिसन, न्यू जर्सी

कर्वेनगरच्या दादाची भीती अमेरिकेत खरी ठरलेली आहे. डोअरडॅश या इथल्या घरपोच जेवणाच्या ॲपची पद्धत २०१९ पर्यंत अशी होती की ग्राहकाने दिलेली टीप ड्रायव्हरला कबूल केलेल्या किमान रकमेतच धरली जायची. म्हणजे तुम्ही टीप दिलीत की कंपनीचे वाचले. बोभाटा झाल्यावर त्यांनी ती पद्धत बदलली.

इथे टीप खुशीची राहिलेली नाही. ऑर्डर स्वीकारायच्या आधी ड्रायव्हरला साधारण किती मिळतील ते दिसतं, त्यात टीप धरलेली असते. शून्य टीप असली की एकामागून एक जण नाकारतात आणि बिर्याणी हॉटेलच्या काउंटरवर निवत बसते. याचा गैरफायदा घेणारी माणसंही आहेत. आधी मोठी टीप दाखवायची, जेवण हातात पडलं की ॲपवर जाऊन ती कमी करायची. मला याहून हीन प्रकार माहीत नाही. ड्रायव्हर त्या रकमेकडे बघून दहा मैल गाडी हाकतो.

पलीकडे न्यूयॉर्क शहरात वेगळं घडलं. डिसेंबर २०२३ पासून शहराने ॲपवरच्या डिलिव्हरी कामगारांना ताशी किमान १७.९६ डॉलर ठरवून दिले, एप्रिल २०२५ मध्ये ते २१.४४ झाले. दर लागू झाल्यावर मोठ्या ॲपनी टीपेचा प्रश्न ऑर्डर करतानाच्या पानावरून काढून जेवण पोचल्यानंतर विचारायला सुरुवात केली. कामगारांच्या टिपा त्यामुळे घटल्या, म्हणून त्यांची तक्रार होती. पण ठरलेला दर आधी आणि टीप नंतर, हा क्रम मला योग्य वाटतो.

रिवाज बिलाच्या १५ ते २० टक्क्यांचा आहे. मी टक्के बघत नाही, अंतर आणि हवा बघते. एकच पिझ्झा असला तरी ५ डॉलर, बर्फ असेल तर दुप्पट. आई-बाबा आले होते तेव्हा आई रुपयांत हिशोब करून म्हणाली, "चारशेच्या वर? नुसतं आणून द्यायचे?" मी तिला म्हटलं, बाहेर उणे सात आहे, तू जाशील का? ती गप्प झाली आणि पुढच्या वेळी तिनेच दार उघडून त्याला "थँक्यू बेटा" म्हटलं.

बर्लिन

जर्मनीत टक्क्यांचं बंधन नाही, दोन-तीन युरो किंवा रक्कम वर पूर्ण करून देतात. टीपेवर कर लागत नाही. इथे जेवण आणणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी खूप आहेत. एकदा मी फोनवर सासूबाईंशी बोलतच दार उघडलं, तर समोरचा मुलगा म्हणाला, "ताई, तुम्ही मराठी?" जळगावचा होता, मास्टर्स करत होता. मी पाच युरो पुढे केले तर हात मागे घेऊन म्हणाला, "नको ना, घरच्यासारख्या आहात."

मला क्षणभर सुचेना. मग म्हटलं, "घरच्यासारखी आहे तर मोठी बहीण देते म्हणून घे." त्याने घेतले. आपल्या माणसाला टीप दिली तर त्याचा कमीपणा होतो, ही समजूत देणाऱ्याच्याही मनात असते आणि घेणाऱ्याच्याही. मी आता उलट करते. आपलं कुणी असेल तर जास्त देते.

मुलुंड, मुंबई

मी एकटी राहते, रात्री उशिरा दार उघडत नाही. पार्सल बाहेर ठेवायला सांगते आणि टीप ॲपवरच टाकते. माझ्यासारख्या बायका बऱ्याच असतील, त्यांना रोखीचा आग्रह नको.

लिहायचं होतं ते लिफ्टबद्दल. आमच्या टॉवरमध्ये रायडरांनी सामानाच्याच लिफ्टने जायचं असा नियम होता, आणि ती लिफ्ट निम्मा वेळ बंद. बाविसाव्या मजल्यावर गरम जेवण मागवणारे आम्हीच आणि त्याला जिना दाखवणारेही आम्हीच. वार्षिक सभेत मी विषय काढला. एक गृहस्थ म्हणाले, "आम्ही टीप देतो की!" मी म्हटलं, टीप देऊन माणसाला वेगळ्या लिफ्टने पाठवायचा परवाना मिळत नाही. तासभर वाद झाला. नियम गेला. ओल्या रेनकोटने लिफ्ट ओली होते, ही तक्रार अजून ग्रुपवर येते. आम्ही दोघी-तिघी दर वेळी उत्तर देतो.

ठाणे (पोळी-भाजी केंद्र)

आमचा स्वतःचा पोरगा सायकलवर डबे देतो, शिवाय ॲपच्या ऑर्डरी असतात. एकच सांगणं आहे. जेवण कमी-जास्त झालं तर आम्हाला फोन करा, आम्ही भरून देतो. आणणाऱ्याची टीप कापू नका, त्याचे तारे कमी करू नका.

हिंजवडी, पुणे (रायडर)

मुलुंडच्या ताई, दार उघडलं नाही म्हणून आम्हाला वाईट वाटत नाही. रात्रीचं आम्हालाही बेल वाजवून ताटकळण्यापेक्षा ठेवून निघालेलं बरं पडतं. टीप पोचल्यावर टाकलीत तरी मिळते. सूचना लिहायच्या रकान्यात मात्र दोन ओळी टाकत जा : कुठल्या गेटनं यायचं, कुठं ठेवायचं. आणि खाली "घाई नाही" असं लिहिलं तरी फार उपयोग होतो. ते वाचलं की सिग्नलला थांबता येतं.