स्मोकरचं तापमान ऐकत नाही तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

काल संध्याकाळी लाइट जाऊन आली आणि स्मोकरचा (लाकडाच्या धुरात हळूहळू शिजवायची विजेवरची पेटी) आकडा लुकलुकायला लागला. लगेच बाबांच्या साठीची रात्र आठवली. ११० वर लावलेलं चिकन, आकडा ८२ ला जो अडकला तो हललाच नाही. पाच तासांनी कापलं तर हाडाजवळ लाल. पाहुणे बसलेले, आईचा चेहरा उतरलेला, सगळं टाकून द्यावं लागलं. स्मोकर बिघडला असंच आम्ही धरून चाललो. आठवड्याने वायरमनदादांनी मीटर लावला, तर व्होल्टेज १७८! शिवारातल्या मोटारी त्याच वेळेला चालू असतात. २३० ला ८०० वॅट देणारा हीटर १७८ ला जेमतेम ४८० देतो. आता स्टॅबिलायझरशिवाय लावत नाही. तुमचं काय झालं होतं, लिहा.

लातूरकर
आमचं उलटं. १०७ ला सेट, गेला १४० वर. बंद केला तरी हीटर लालच. रिलेचे, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचचे, पॉइंट चिकटले होते. पहिले प्लग उपसा, मग बाकीचं बघा. नंतर सॉलिड स्टेट (पॉइंट नसलेला इलेक्ट्रॉनिक) रिले टाकला, पण तोही गेला की बहुतेक वेळा चालूच राहतो, म्हणून हीटरच्या लाइनीत थर्मल कटआउट (जास्त तापलं की लाइन तोडणारा) बसवलाच.

परभणीची लेक
ताई, वाचून वाईट वाटलं. साठी एकदाच येते हो.

गंगाखेड
सेन्सर पुसता का? माझ्या काडीवर काजळीचा थर बसला होता, आकडा लई उशिरा चढायचा आणि तोवर आतलं करपायचं. कोमट पाण्यात व्हिनेगर घालून मऊ फडक्यानं पुसला, झालं. पोरगं रडायलंय, नंतर लिहिते.

जालना_इलेक्ट्रिक
के टाइप थर्मोकपल (दोन तारांचा तापमानाचा सेन्सर) बदलताना प्लस मायनस बघून जोडा. मी उलटा जोडला होता. पेटी तापायली आणि आकडा खाली यायला. कंट्रोलरला वाटतं थंडच आहे, तो हीटर देतच राहतो. आकडा खरा का खोटा हे बघायचं तर सेन्सर उकळत्या पाण्यात धरा. फक्त संभाजीनगरात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, उंचीमुळे. १०० नाही आला म्हणून सेन्सर फेकू नका.

माळकरी
चिकनचं मला कळत नाही, घरी पनीर आणि भरताची वांगी लावतो. धुरासाठी लाकडाच्या ढलप्या कशाच्या घेता सगळे? कडुनिंब टाकला होता एकदा, कडू झालं सगळं.

लातूरकर
@माळकरी आंबा नाहीतर पेरू. वाळलेलाच घ्या. आणि दार सारखं उघडू नका, हवा लागली की ढलप्या भडकतात आणि आकडा एकदम उडी मारतो.

माळकरी
पेरूची छाटणी कुणाकडे चालू असंल तर सांगा, येऊन घेऊन जातो. जवळ असलं तर बरं, गाडी नाही.

बीडवाला
स्मोकर नाही, अंड्यांचं मशीन आहे. ३७.५ ला २१ दिवस. अठराव्या दिवशी रात्री लाइट गेली, चार तास आली नाही. गोधड्या गुंडाळल्या, गरम पाण्याच्या बाटल्या भोवती ठेवल्या. अर्धी पिल्लं निघाली. अर्ध्यांचं अजून वाईट वाटतं.

परभणीची लेक
अर्धी निघाली हेच लई झालं दादा.

नांदेडहून
मटणाची आख्खी रान लावली होती. आतला काटा ६८ ला जो थांबला तो दोन तास. मी हीटर उघडून बसलो! हीटर ठीकच होता. मांसातलं पाणी बाहेर येऊन वाळतं, त्यानं ते गार राहतं. फॉइलमध्ये गुंडाळलं की काटा पुन्हा चढतो. ताई, पेटीचा आकडा आणि मांसाचा आकडा वेगवेगळा बघा. चिकन आत ७४ झाल्याशिवाय वाढू नका.

गंगाखेड
आले परत. लाइट जाऊन आली की तुमचं आपोआप चालू होतं का? आमचं नाही होत, सगळं परत सेट करावं लागतं. एकदा रात्रभर तसंच पडलं होतं, सकाळी टाकलं.

धागाकर्ती
आमचंही नाही होत. आता गजर लावून उठते, दर तासाला. @माळकरी, आमच्या मळ्यात पेरूच्या दोन झाडांची छाटणी रविवारी आहे. जालना रोडवरच आहे, बसनं या, परत सोडायची सोय करते.