सायकलमार्ग, नवी घरं आणि जुनी शाळा : तिन्ही गटांचं एकच निवेदन कसं लिहावं?

नमस्कार. थोडं लांबलंय, पण वेळ काढून वाचा ही विनंती.

आमच्या भागातल्या एका रस्त्याचा नवा आराखडा जाहीर झालाय. हरकती-सूचनांना तीन आठवडे उरलेत. रस्ता रुंद करायचा, त्यासाठी कोपऱ्यावरची दगडी शाळा पाडायची (कित्येक वर्षं बंदच आहे) आणि मागच्या मोकळ्या जागेत चार मजली निवासी इमारत बांधायची, असा बेत आहे. सायकलींसाठी कडेला नुसता पांढरा पट्टा, तोही उभ्या गाड्यांना खेटून. कोणी न बघता दार उघडलं की सायकलस्वार सरळ वाहतुकीत फेकला जाणार.

या रस्त्यासाठी आम्ही तीन गट झटतोय आणि लिहितोय मात्र एकमेकांच्याच विरोधात. मी सायकलवाल्यांतली. आमच्यातले काही म्हणतात, रुंदी मिळत असेल तर शाळा गेली तरी चालेल. घरांसाठी लढणारे म्हणतात, भाड्यापायी माणसं शहराबाहेर ढकलली जातायत, तुम्हाला दगडांची काय पडलीये? वारसावाले, म्हणजे जुन्या वास्तू जपू पाहणारे, मजल्यांचा विषय निघाला की उठून जातात. परवा दीड तास बैठक झाली, एक ओळ लिहून झाली नाही. मला रडू यायचं बाकी होतं, कारण तिघांचंही म्हणणं मला पटतं.

म्हणून रविवारी पहाटे मी आणि मैत्रिणीने टेप धरून रस्ता मोजला. भिंतीपासून भिंतीपर्यंत १४ मीटर. पदपथ दोन्हीकडे १.८, मधल्या दोन मार्गिका मिळून ६.२ आणि उभ्या गाड्यांनी दोन्ही बाजूंना २.१-२.१ मीटर अडवलेले. म्हणजे आम्हाला हवी असलेली जागा शाळेच्या भिंतीत नाहीच, ती या गाड्यांखाली आहे! पार्किंग हटवलं तर प्रत्येक बाजूला दीड मीटरचा सायकलमार्ग आणि तो व वाहनांची मार्गिका यांच्यामध्ये उंच दुभाजक बसतो.

मोजता मोजता शाळेच्या पायऱ्यांवर बसलो. मधोमध झिजून वाटीसारख्या झाल्यात. भिंतीला खालच्या अंगाला कधीतरी सिमेंटचा गिलावा मारलाय, त्याच्या कडेने दगडाचे पापुद्रे सुटतात, बोट फिरवलं की पांढरी भुकटी येते. हीच भिंत दाखवून इमारत 'धोकादायक' ठरवली आहे.

मदत हवी ती अशी : 'धोकादायक' या शेऱ्याला उत्तर कसं द्यायचं? शाळा ठेवून घरं कमी होणार नाहीत, हे घरांच्या गटाला कसं दाखवायचं? आणि पार्किंग जाणार म्हटल्यावर दुकानदार चिडतील, त्यांच्याशी कसं बोलायचं?

प्रतिसाद :

टेप धरून रस्ता मोजलात हे फार चांगलं केलंत, निवेदनाची सुरुवात त्या आकड्यांनीच करा.

तुम्ही सांगताय ती भुकटी क्षारांची. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात, चुन्यातून ओल बाहेर पडते. वर सिमेंट मारलं की ती आत कोंडते, मग दगडातून वाट काढते आणि पृष्ठभाग फोडते. बऱ्याचदा गिलावा काढून चुन्याने सांधे भरले की भिंत सावरते. पण हे ऐकीव म्हणून लिहू नका. जुन्या दगडी बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी मागा आणि आधीच्या अहवालाची प्रत लेखी अर्ज करून घ्या.

घरांबद्दल : न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली पेन स्टेशन हे जुनं, भव्य रेल्वे स्थानक पाडायला सुरुवात झाली. त्या हळहळीतून १९६५ चा जुन्या वास्तू जपण्याचा कायदा आला. १९७८ साली ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, आणि तिथे न वापरलेले बांधकाम हक्क (एखाद्या जागेवर नियमाने जेवढं बांधता येतं, त्यातलं न बांधलेलं) जवळच्या दुसऱ्या जागी नेण्याची मुभा होती. तुमच्याकडच्या नियमांत अशी सोय आहे का ते आधी बघा. असेल तर शाळेचे हक्क मागच्या इमारतीला देऊन दोन मजले जास्त मागा, शिवाय शाळेच्या वर्गांतही घरं होऊ शकतात. वारसावाल्यांना त्या दोन मजल्यांना 'हो' म्हणावं लागेल. हे त्यांना आत्ताच स्पष्ट सांगा, सुनावणीच्या दिवशी नको.

पार्किंगसाठी निवेदनात स्पेनमधल्या सेव्हिल शहराचं उदाहरण द्या. २००६ नंतर थोड्याच वर्षांत तिथे शंभरावर किलोमीटर सलग, वेगळे सायकलमार्ग झाले, त्यातली बरीच जागा पार्किंगचीच होती. दुकानदारांकडे मात्र उदाहरणं घेऊन जाऊ नका. माल कधी उतरतो, ते विचारा आणि तेवढी जागा नकाशात राखून दाखवा.

मूळ लेखिका :

मनापासून आभार. 'दोन मजल्यांना हो' हे वाक्य आजच वारसा गटातल्या काकांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मजले मागच्या बाजूलाच असतील ना? रस्त्यावरून शाळेचं छप्पर दिसत राहिलं पाहिजे." मी हो म्हणाले. आता वरचे मजले किती मागे घेतले तर छप्पर झाकलं जाणार नाही, हे साध्या कागदावर काढायचंय. असा छेद (रस्ता आणि इमारती उभ्या कापल्यासारखं बाजूने काढलेलं चित्र) काढायला कोणी शिकवेल का?