ॲट्रॉसिटी: आरोपी सुटला म्हणजे केस खोटी?

नोंदवही: 'ॲट्रॉसिटीत (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात) बहुतेक सुटतात, म्हणजे केसेस खोट्याच' ही सडेतोड यांची पोस्ट वाचून डोकं फिरलं. निकालपत्रं वाचा की कधी! फिर्यादीचा जातीचा दाखला दोषारोपपत्राला जोडलेलाच नसतो. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नाही, हेही सरकार पक्षानेच दाखवायचं, ते राहून जातं. या कायद्याच्या नियम ७ प्रमाणे तपास डीवायएसपीचा, म्हणजे पोलीस उपअधीक्षकाचा. जबाब घेतो फौजदार, साहेबांची फक्त सही. उलटतपासात बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. यात फिर्यादी खोटा कुठे ठरला?

सडेतोड: दाखल्याचं रडगाणं पुरे. बांधावर भांडण झालं की ठोक ॲट्रॉसिटी! वर कलम १८अ मुळे अटकपूर्व जामीनही नाही.

आडवाट: अर्धवट माहिती. १८अ आलं २०१८ मध्ये. ते वैध ठरवतानाच सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय, प्रथमदर्शनी गुन्हा दिसत नसेल तर अटकपूर्व मिळू शकतो. विशेष न्यायालयाने नाकारला तर १४अ खाली उच्च न्यायालयात अपील.

बोरूबहाद्दर: बांधाचं निघालंच आहे म्हणून. जातीवरून अपमानाच्या कलम ३(१)(आर) ला अपमान 'लोकांच्या नजरेसमोर' व्हावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाचा हितेश वर्मा निकाल (२०२०) बघा: चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना, कलम लागत नाही. बांध उघड्यावर असला तरी पाहणारं कोणीतरी हवंच. म्हणून फिर्यादीत जागा, हजर माणसांची नावं आणि शिवीचे शब्द जसेच्या तसे हवेत. ठाणे अंमलदार 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढंच खरडतो, केस तिथेच मेली.

नोंदवही: आणि साक्षीदार सगळे नात्यातले निघाले की उरलंसुरलंही गेलं.

सडेतोड: म्हणजे घरात कोंडून शिव्या दिल्या तर माफ? वा रे कायदा!

बोरूबहाद्दर: आत्तापर्यंत कायदा फार कडक होता ना तुमच्या मते?

आडवाट: भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांचे खून झाले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने खुनासाठी शिक्षा दिली, ॲट्रॉसिटी लागलाच नाही. तीही खोटी केस का हो?

सडेतोड: नाही. खूश? पण ६० दिवसांत दोषारोपपत्र आणि पुढे २ महिन्यांत निकाल, हे कागदावरच ना? निरपराधही तेवढाच लटकतो.

नोंदवही: एक तरी कामाचं बोललात! पण कलम १५अ प्रमाणे जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला द्यावीच लागते. ती वेळेवर बजावलीच जात नाही, मग पुढची तारीख. त्यावरही एक पोस्ट होऊन जाऊ दे.